वेषांतर कोणाला परवडते? ऐतिहासिक कादंबरीतील हेर, प्रेम आणि जात

मराठी मुलगा किंवा मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचते, त्यांत तीन पात्रे हमखास असतात. एक तरुण, देखणा सरदार. दुसरी, वाड्यात कोंडलेली त्याची प्रेयसी. आणि तिसरा, अंधारातून येऊन कानात बातमी सांगून पुन्हा अंधारात नाहीसा होणारा हेर. कथानकही ठरलेले. सरदार गोसाव्याचा, फकिराचा नाहीतर भिल्लाचा वेष घेऊन शत्रूच्या किल्ल्यात शिरतो. प्रेयसी पुरुषी पोशाख घालून घोड्यावर बसते. शेवटच्या प्रकरणात दाढी-जटा उतरतात, ओळख पटते, मुहूर्त निघतो.

नंदुरबार जिल्ह्यातील वसतिगृहांत आणि गावच्या वाचनालयांत आजही ही पुस्तके पाने सुटेपर्यंत वाचली जातात. वाचू नका, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. वाचनाची गोडी अनेकांना अशाच पुस्तकांनी लावली. पण आपण आंबेडकरी चळवळीतील माणसे आहोत. कोणतीही गोष्ट हाती आली की ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिच्यात आपण कुठे उभे आहोत, हे विचारणे आपले काम आहे. म्हणून या लेखात आम्ही एकच प्रश्न धरून चालणार आहोत. वेषांतर नेमके कोणाला परवडते?

संन्याशाच्या वस्त्रातला हेर

हेरगिरी आणि वेषांतर यांचे आपल्याकडील सर्वांत जुने शास्त्र म्हणजे कौटिल्याचे अर्थशास्त्र. शतकानुशतके लुप्त असलेला हा ग्रंथ आर. शामशास्त्री यांना म्हैसूरच्या ग्रंथालयात सापडला आणि १९०९ साली छापला गेला. त्यात हेरांची पद्धतशीर वर्गवारी आहे: कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस, सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी. म्हणजे कोणी विद्यार्थ्याच्या रूपात, कोणी व्यापाऱ्याच्या, कोणी तपस्व्याच्या. भिक्षुकीच्या कामासाठी गरीब ब्राह्मण विधवा सुचवली आहे आणि तिच्याबरोबर मुंडन केलेल्या शूद्र स्त्रियाही. या मुंडित स्त्रिया म्हणजे अवैदिक पंथांतील भिक्षुणी, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

याचा अर्थ समजून घ्या. भिक्खू आणि भिक्खुणी घरोघरी जात, ते लोकांच्या विश्वासावर. त्यांच्यापाशी शस्त्र नव्हते, संपत्ती नव्हती. होता तो फक्त लोकांचा भरवसा. त्याच भरवशाचा वापर राज्यसत्तेने खबरी काढण्यासाठी करावा, असे हे शास्त्र शिकवते.

विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' हे संस्कृत नाटक याच शास्त्राचा रंगमंचावरील प्रयोग आहे. चाणक्याचा जुना मित्र इंदुशर्मा हा ब्राह्मण तिथे जीवसिद्धी नावाचा क्षपणक, म्हणजे श्रमण साधू बनून राक्षसाच्या गोटात वावरतो. शेवटच्या अंकात चंदनदासाला वधस्तंभाकडे नेणारे दोन चांडाळ दिसतात. पण तेही चांडाळ नाहीत. ते चाणक्याचे हेर आहेत. या नाटकात प्रेक्षकाला चांडाळ दिसतो खरा, पण त्या वेषात खरा चांडाळ एकही नाही. कपडे चांडाळाचे, आतला माणूस दुसराच. ज्या माणसाचे कपडे उसने घेतले, त्याला नाटकात जागाच नाही.

हरी नारायण आपटे यांनी नंद आणि चाणक्य यांच्या याच कथेवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीस 'चंद्रगुप्त' ही कादंबरी लिहिली. पुराणे ज्या महापद्म नंदाला शूद्र स्त्रीचा मुलगा म्हणतात, त्याचे घराणे उलथवण्याची ही कथा. मराठी घरांत ती चातुर्याची आणि राष्ट्रकार्याची कथा म्हणून वाचली गेली. ती शूद्र घराण्याचे राज्य बुडवण्याची कथाही आहे, हे वाचकाला कोणी सांगितले नाही.

अंगावर खूण, मग वेष कसला?

आता याच्या दुसऱ्या बाजूला या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय घालावे, हे ठरवून दिले आहे. मेलेल्यांची वस्त्रे, लोखंडाचे दागिने, फुटक्या भांड्यात जेवण. आणि कामासाठी दिवसा बाहेर पडताना अंगावर राजाज्ञेची खूण. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातीचे निर्मूलन' या भाषणात पेशवाईचे उदाहरण दिले आहे. मराठी मुलखात अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधायचा. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके.

ही दोन शास्त्रे शेजारी ठेवून पाहा. एक शास्त्र वरच्या माणसाला खालचा वेष घ्यायला शिकवते. दुसरे शास्त्र खालच्या माणसाला आपली खूण कधीही उतरवू देत नाही. एका बाजूला वेष हे साधन आहे, दुसऱ्या बाजूला वेष ही शिक्षा आहे. कादंबरीतला सरदार महाराचे किंवा भिल्लाचे घोंगडे पांघरतो, तेव्हा वाचकाला गंमत वाटते, कारण ते घोंगडे सकाळी उतरणार आहे हे त्याला ठाऊक असते. ज्याचे ते घोंगडे आहे, त्याला ती सोय नाही.

जन्मखूण सापडते आणि प्रेम सुटते

या कादंबऱ्यांत प्रेम असते, म्हणून तर तरुण मुले ती वाचतात. पण ते प्रेम कसे सुफळ होते, ते नीट बघा. नायक एखाद्या अनोळखी मुलीवर भाळतो. ती धनगरवाड्यात, कोळ्याच्या झोपडीत किंवा आश्रमात वाढलेली. आता पेच पडतो. कुळ जुळत नाही. मग शेवटी एक म्हातारी दाई येते, एक ताईत सापडतो, खांद्यावर एक खूण दिसते आणि कळते की मुलगी तर मोठ्या घराण्यातली! लहानपणी हरवलेली! झाले, पेच सुटला.

ही युक्ती नवी नाही. कालिदासाच्या दुष्यंतालाही शकुंतला आपल्या वर्णाला चालेल का, हीच चिंता पडते आणि ती विश्वामित्राची मुलगी आहे हे कळल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. महाभारतातला कर्ण सूतपुत्र म्हणून आयुष्यभर अपमान सोसतो, पण गोष्ट त्याला सूतपुत्र राहू देत नाही. तो कुंतीचा निघतो. सूताचा मुलगा अर्जुनाच्या तोडीचा असू शकतो, हे मान्य करण्यापेक्षा तो क्षत्रियच होता म्हणणे कथेला सोपे गेले.

बाबासाहेबांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला, कारण रक्ताच्या सरमिसळीनेच आपलेपणाची भावना निर्माण होते. जन्मखुणेची कादंबरी नेमके याच्या उलट करते. ती वाचकाला दोनशे पाने जातीपलीकडच्या प्रेमाची चव देते आणि शेवटच्या पाच पानांत सांगते की जात ओलांडली गेलीच नव्हती. बंडाचा आनंदही मिळाला आणि घरही बाटले नाही. आज आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरापोरींना ज्या समाजात पळून जावे लागते, त्या समाजाला ही कादंबरी का आवडली, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांनी जीव दिला त्यांचे काय?

शिवकालाकडे वळू, कारण मराठी ऐतिहासिक कादंबरीचे बहुतेक पीक त्याच रानात आले आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी १८७१ साली पुस्तकरूपात आली. तिथपासून आजतागायत शिवकाल हा कादंबरीकारांचा हक्काचा प्रांत आहे.

पण शिवकालातील सर्वांत मोठे वेषांतर कोणी केले? १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले, तेव्हा त्यांच्यासारखा पोशाख करून दुसऱ्या पालखीत बसला तो नेबापूरचा शिवा काशीद. नाभिक समाजातला. पकडले जाणार हे त्याला माहीत होते. त्याच्या वेषांतराच्या शेवटी ओळख पटली आणि गर्दन गेली. कादंबरीतल्या सरदाराचा वेष लग्नमंडपात उतरतो, शिवा काशीदचा वेष मृत्यूने उतरवला. त्याची समाधी पन्हाळ्याला आहे. पण त्याला प्रेयसी होती का, आई होती का, त्या रात्री त्याने काय विचार केला, हे लिहायला किती लेखण्या सरसावल्या?

बहिर्जी नाईकाचेही तेच. सभासद बखरीत या जासुदाचा उल्लेख सुरतेच्या संदर्भात येतो. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, त्यामागे हेरांनी आणलेली पक्की माहिती होती. आज बहिर्जी आपलाच, असे अनेक समाज सांगतात. ते स्वाभाविकही आहे. पण कादंबऱ्यांत बहिर्जी येतो तो मुजरा करायला, बातमी द्यायला आणि निघून जायला. त्याचे घर आपल्याला दिसत नाही. आग्र्याच्या सुटकेत लोकस्मृतीने जपलेला मदारी मेहतर पलंगापाशी पाय चेपत बसलेला दिसतो. तिथून तो पुढे कुठे गेला, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

हेर म्हणून बहुजन चालतो. नायक म्हणून चालत नाही. विश्वासू म्हणून त्याची पाठ थोपटली जाते, पण प्रेम करण्याचा अधिकार त्याला कथेत मिळत नाही. गावगाड्यातही हेच होते. महाराने वेशीवर पहारा द्यायचा, सरकारी टपाल पोचवायचे, वाटसरूला रस्ता दाखवायचा, चोराचा माग काढायचा, शिवारची हद्द सांगायची. गावाची सगळी माहिती त्याच्याकडे आणि गावाच्या विहिरीवर मात्र त्याला बंदी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या राबवून घेण्यातून सुटका व्हावी म्हणूनच.

आपल्याच मातीतले हेर

नंदुरबारच्या तरुणांनो, हेरांच्या गोष्टीसाठी रायगडापर्यंत जायचीही गरज नाही. आपले नंदुरबार सुरत–बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी रस्त्यावरचे गाव. इंग्रजांचा वकील टॉमस रो १६१५ साली याच वाटेने बादशहाच्या भेटीला गेला. ज्या रस्त्याने माल आणि खजिना जातो, त्या रस्त्याने बातमीही जाते. आणि सातपुड्याच्या वाटा जाणणारे होते ते भिल्ल.

१८१६ सालची गोष्ट घ्या. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले होते. पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी कळत नव्हते. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करता करता गाणे म्हणत असे आणि त्या गाण्यातून पळण्याचा बेत कैद्याला कळवत असे. सप्टेंबरमध्ये त्रिंबकजी निसटला आणि पुढे नाशिक, खानदेशच्या डोंगरांत भिल्ल, रामोशी, मांग यांची जमवाजमव करू लागला. बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने ही हकिकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली.

एखाद्या कादंबरीला याहून चांगले प्रकरण कोणते हवे? आता विचारा, त्या मोतद्दाराचे नाव काय? सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत तो फक्त मोतद्दार आहे. त्रिंबकजीचे नाव उरले, हेबरचे उरले, घोडा धुणाऱ्याचे गेले. त्रिंबकजीच्या मागे डोंगरात गेलेले भिल्ल, रामोशी आणि मांगही तिथे 'जमाव' म्हणूनच येतात.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढची काही वर्षे भिल्लांचे उठाव शमले नाहीत, तेव्हा १८२५ साली जेम्स आउट्रमकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम दिले गेले. धरणगाव हे तिचे ठाणे. इंग्रजांचा हिशेब साधा होता. भिल्लांच्या वाटा भिल्लालाच ठाऊक, म्हणून भिल्लाला पकडायला भिल्लच पाठवायचा. पोटासाठी पगार घेणारा एक भाऊ आणि डोंगरात बंड करणारा दुसरा भाऊ. सेंधवा घाटाची राखण करणारा खाजा नाईक तर या दोन्ही बाजूंनी चालला. वर्षानुवर्षे त्याने सरकारसाठी मुंबई–आग्रा रस्ता सांभाळला. १८५७ मध्ये त्याच घाटात तो सरकारविरुद्ध उठला आणि सुमारे ७ लाखांचा खजिना त्याच्या माणसांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईत भिल्लांची मोठी हानी झाली. १८६० मध्ये दगा होऊन खाजा मारला गेला.

एकनिष्ठा, संशय, फितुरी, घरातच पडलेली फूट. हेरकथेला लागते ते सारे सातपुड्यात आहे. तरीही मराठी मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरीत भिल्ल भेटतो तो बहुधा वाट दाखवणारा किंवा वाट अडवणारा म्हणून. ती वाट त्याच्या घराकडे जाते, याची आठवण कोणाला होत नाही.

बडोद्याची खोली आणि उधन्याचे स्टेशन

आता अशा वेषांतराकडे येऊ, ज्यात शौर्याचा रंग नाही आणि प्रेमाचाही नाही.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. अंगात सदरा-कस्ती नाही हे तिथल्या रखवालदाराच्या लक्षात आले. शेवटी दिवसाला दीड रुपया भाडे ठरले आणि वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन दारात उभे राहिले. त्याच दिवशी खोली सोडावी लागली. दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही जागा दिली नाही. कामाठी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सारे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

मित्रांनो, हेही वेषांतरच आहे. कादंबरीतला सरदार शत्रूच्या किल्ल्यात नाव बदलून शिरतो, तर बाबासाहेबांना नाव बदलावे लागले ते आपल्याच देशात रात्री पाठ टेकायला चार भिंती मिळाव्यात म्हणून. सरदाराला पकडले तर तो शत्रूकडून पकडला जातो. इथे शत्रू कोण होता?

बाबूराव बागुलांनी १९६३ साली आपल्या कथासंग्रहाला नाव दिले 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या शीर्षककथेचा नायक सुरतेजवळच्या उधन्याला रेल्वेच्या नोकरीत येतो आणि जात लपवून राहतो. तो बुद्धिमान आहे, कवी आहे, सवर्ण सहकाऱ्याच्या घरी त्याचे कौतुक होते. मग जात उघड होते आणि ज्या हातांनी जेवू घातले तेच हात मारायला उठतात. इथेही ओळख पटते. फक्त मुहूर्ताऐवजी मार मिळतो. जन्मखुणेच्या शंभर कादंबऱ्यांना बागुलांनी एका कथेत दिलेले हे उत्तर आहे.

उधन्याहून जळगावला जाणारी रेल्वे नंदुरबारवरूनच जाते. याच गाडीने आपली माणसे आजही सुरतेच्या कारखान्यांत कामाला जातात, नवापूर-धडगावकडची कुटुंबे उसाच्या तोडीला गुजरातेत उतरतात. याच गाडीने शिकायला शहरात गेलेली आपली पोरे भाड्याची खोली शोधताना आडनाव हळू आवाजात सांगतात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावावा की नाही याचा विचार करतात. त्यांना आम्ही भेकड म्हणणार नाही. जिथे खरे सांगितले तर खोली मिळत नाही, तिथे लाज खोली न देणाऱ्याला वाटली पाहिजे.

कादंबरी आपली असेल तर

काही जण म्हणतील, करमणुकीच्या पुस्तकात जात कशाला शोधता? आमचे उत्तर असे की जात आम्ही शोधली नाही, ती तिथे आधीपासून होती. 'कुलीन' हा शब्द ज्या गोष्टीत प्रेमाचा निकाल लावतो, ती गोष्ट जातीचीच आहे.

दुसरे काही जण म्हणतील, मग नायकाची जात बदला, बाकी तसेच ठेवा. तेवढ्याने भागणार नाही. सरदाराच्या जागी आपला माणूस बसवून त्याला तेच किल्ले, तोच दिमाख आणि त्याच दासी दिल्या, तर खेळ तोच राहतो, फक्त सोंगट्या बदलतात. अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तेव्हा त्यांनी मांगवाड्यातला माणूस नायक केला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची भूक, त्याची आई, त्याचा वाडा हाच कादंबरीचा प्रदेश केला. शौर्य आणि प्रेम त्या मातीतूनच उगवले. कोणत्याही जन्मखुणेची गरज पडली नाही.

म्हणून आम्हाला अशी कादंबरी हवी आहे, जिच्यात हेर हा कथा सांगणारा असेल. १८२५ चा खानदेश असेल. वेशीवरचा महार तरुण असेल, ज्याच्या हातून सगळी पत्रे जातात आणि ज्याला ती वाचता येत नाहीत. पलटणीत गेलेला भाऊ आणि डोंगरात राहिलेली बहीण असेल. प्रेम असेल, भीती असेल, वेषांतरही असेल. आणि शेवटी वेष उतरल्यावर महार महारच निघेल, भिल्ल मुलगी भिल्लच निघेल आणि तरीही त्यांचे प्रेम टिकेल. आजवर मराठी ऐतिहासिक कादंबरीने जे धाडस टाळले, ते हेच.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची समाजांची गोष्ट आपण त्यांच्या वतीने लिहून टाकायची नाही. आपल्यावर जे झाले तेच आपण दुसऱ्यावर करू नये. त्या समाजांतले तरुण शिकत आहेत, त्यांच्या बोलीत लिहीत आहेत. आपण त्यांच्या शेजारी बसून लिहावे.

साधने जवळच आहेत. १८८० चे खानदेश गॅझेटिअर आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ हाकेच्या अंतरावर आहे. वाड्या-पाड्यांवर गोष्टी सांगणारे म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत, ते फार दिवस राहणार नाहीत. वाचनगटातील प्रत्येकाने एका तरी आजीची, एका तरी आजोबांची गोष्ट उतरवून आणावी. त्रिंबकजीच्या मोतद्दाराचे नाव गेले ते गेले. आपल्या गावच्या वेसकराचे, आपल्या पाड्याच्या वाटाड्याचे नाव अजून कोणाच्या तरी ओठांवर आहे. ते आजच वहीत उतरवून घ्या.

जय भीम!